अक्षरसेवकांचे प्रशिक्षण आणि प्रतिष्ठा

(आळे, ता. जुन्नर येथे प्रौढ शिक्षणाचे वर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आळे हे गाव महाराष्ट्राला दोन कारणांनी परिचित आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तो आळेफाटा हे पहिले कारण. दुसरे कारण सातशे वर्षांहून जुने आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्ञानेश्वर माउलींनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, त्या रेड्याने आळंदीच्या वाटेवर याच भूमीत देह ठेवला आणि भावंडांनी त्याला येथे समाधी दिली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ज्ञान ही कोणा एका वर्गाची मिरासदारी नाही, हा या कथेचा अर्थ सर्वजण सांगतात. तथापि, तिचा दुसरा अर्थ सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ज्ञानाच्या प्रसारात ज्याचा ज्याचा म्हणून हातभार लागला, त्याची स्मृती जपणे हे समाजाचे कर्तव्य आहे, हे आळे गावाने समाधी सांभाळून आणि यात्रा भरवून पिढ्यान् पिढ्या दाखवून दिले. ज्या गावाला एवढे भान आहे, त्या गावात एक प्रश्न विचारायला हरकत नाही. रात्री कंदिलाच्या, आणि नंतर विजेच्या उजेडात, ज्या स्त्री-पुरुषांनी प्रौढांना पाटीवर अक्षरे गिरवायला शिकविली, त्यांची आठवण कोणी ठेवली?

जुन्नर तालुका हा विद्येच्या दृष्टीने सामान्य प्रदेश नव्हे. नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गायींची, घोड्यांची, कार्षापणांची मोजदाद त्यात अंकचिन्हांनी कोरलेली आहे. भारतात दगडावर कोरलेल्या अंकांच्या प्राचीन नमुन्यांत या लेखाची गणना होते. याच तालुक्यात खोडद येथे उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण विश्वाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या लहरी टिपते. दोन हजार वर्षांपूर्वीचे अंक आणि आजचे खगोलविज्ञान ज्या तालुक्यात एका दिवसाच्या फेरीत पाहता येते, तेथेच बाजार समितीत कांद्याची पट्टी हाती पडल्यावर ती उलटी धरली आहे की सुलटी, हे ज्यांना कळत नाही अशी माणसेही आहेत. 2011च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याचे साक्षरतेचे प्रमाण 86.15 टक्के होते. ही टक्केवारी समाधानाने सांगितली जाते. परंतु तिचा व्यत्यास असा की, सात वर्षांवरील शंभरांतील सुमारे चौदा जणांना अक्षरओळख नव्हती. राज्यातील स्त्रियांपुरते पाहिले, तर साक्षरता 75.87 टक्के, म्हणजे जवळजवळ प्रत्येक चौथी स्त्री निरक्षर होती. या चौदा जणांपर्यंत आणि या चौथ्या स्त्रीपर्यंत पोहोचण्याचे काम इमारती करीत नाहीत, परिपत्रके करीत नाहीत. ते काम माणूस करतो, आणि आजचा विषय तो माणूस हा आहे.

मोठी परंपरा, अल्प स्मरण

प्रौढांना शिकविण्याची महाराष्ट्राची परंपरा फार थोर आहे. महात्मा जोतिराव फुले आणि सावित्रीबाई यांनी 1855 साली पुण्यात शेतकरी व कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नाही, म्हणून शाळेनेच त्याच्या वेळेला यावे, हा विचार त्या काळी क्रांतिकारक होता. या दांपत्याच्या चरित्रातील दोन गोष्टी आजच्या विषयाशी थेट निगडित आहेत. सावित्रीबाई शिक्षिका म्हणून उभ्या राहण्यापूर्वी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. नुसत्या कळकळीवर त्यांनी काम सुरू केले नाही. आणि 1852 साली विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते शालजोडी देऊन जोतिरावांचा जाहीर सत्कार झाला. त्या काळी समाजाच्या रोषाला तोंड देणाऱ्या कार्यकर्त्याला अशा मान्यतेने किती बळ मिळाले असेल, याची कल्पना करता येते. प्रशिक्षण आणि मान्यता या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रातील लोकशिक्षणाच्या उगमापाशीच आहेत. पुढे प्रवाह मोठा झाला आणि दोन्ही गोष्टी मागे पडल्या.

गाडगेबाबांचे कीर्तन हे तर प्रौढ शिक्षणाचे चालतेबोलते विद्यापीठ होते. ते श्रोत्यांना व्याख्यान देत नसत, प्रश्न विचारीत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत आणि त्याच उत्तराने श्रोत्यांना अंतर्मुख करीत. आज शिक्षणशास्त्राची पुस्तके ज्याला संवादपद्धती म्हणतात, ती बाबांनी हातात खराटा घेऊन गावोगावी राबविली.

स्वातंत्र्यपूर्व काळात, 1939 साली, मुंबई शहरात प्रौढ साक्षरतेच्या संघटित कार्याला प्रारंभ झाला. त्यानंतरचा सर्वांत तेजस्वी अध्याय म्हणजे 1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम. ही मोहीम पुढे राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षकांनी आणि गावातील सुशिक्षितांनी मोबदल्याविना वर्ग घेतले. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. नवसाक्षर स्त्री-पुरुष ग्रामदैवतासमोर शपथ घेत की, शिकलेले विसरणार नाही आणि मुलांना शाळेत घालू. साक्षरतेला उत्सवाचे आणि व्रताचे रूप देणारी ही कल्पना पूर्णतः या मातीतली होती, म्हणूनच ती रुजली. तथापि, त्या गौरवाचे नाव ‘ग्रामगौरव’ होते, हे लक्षात घेतले पाहिजे. गौरव गावाचा झाला, हे योग्यच. परंतु महिनोन् महिने रात्री वर्ग घेणारा शिक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आपल्या शाळेत हजर झाला. त्याच्या सेवापुस्तिकेत त्या रात्री उमटल्या नाहीत. आणि मोहीम ओसरल्यावर पाठपुरावा करायला कोणी उरला नाही, तेव्हा अनेक नवसाक्षर पुन्हा अंगठ्याकडे वळले.

योजना बदलल्या, कार्यकर्ता तेथेच

2 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. 15 ते 35 वयोगटातील दहा कोटी निरक्षरांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते आणि केंद्र चालविणाऱ्याला महिना 50 रुपये मानधन होते. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आले, संपूर्ण साक्षरता अभियाने झाली, कलापथके गावोगावी फिरली. 8 सप्टेंबर 2009 रोजी ‘साक्षर भारत’ योजना जाहीर झाली. 2001च्या जनगणनेत जेथे स्त्री-साक्षरता 50 टक्के वा त्याहून कमी होती, असे जिल्हे प्रामुख्याने त्यात घेतले गेले. साहजिकच पुणे जिल्हा त्या यादीत नव्हता. त्या योजनेत ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रासाठी प्रेरक नेमले गेले. त्यांना दरमहा 2000 रुपये मिळत. प्रत्यक्ष वर्ग घेणारे स्वयंसेवक मात्र विनामोबदलाच होते. 31 मार्च 2018 रोजी ही योजना संपली आणि देशभरातील प्रेरकांचे काम त्या तारखेला थांबले. आठ-नऊ वर्षे एखाद्या प्रेरकाने घरोघरी जाऊन सर्वेक्षण केले, वर्ग भरविले, परीक्षा घेतल्या, बँकेची खाती उघडून दिली. हे सर्व कौशल्य त्याच्या हाती होते, परंतु ते सिद्ध करणारा, दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडणारा कागद त्याच्यापाशी नव्हता. निरक्षरांना प्रमाणपत्र मिळवून देणारा स्वतः मात्र प्रमाणपत्रावाचून राहिला, ही या क्षेत्रातील मोठी विसंगती आहे.

2022पासून ‘उल्लास’ या नावाने ओळखला जाणारा नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू आहे. 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी त्यावर 1037.90 कोटी रुपयांची तरतूद आहे आणि 15 वर्षांवरील पाच कोटी लोकांना साक्षर करण्याचे लक्ष्य आहे. अक्षरज्ञान व संख्याज्ञान, महत्त्वाची जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण अशी पाच अंगे त्यात आहेत. हा विस्तार निश्चितच स्वागतार्ह आहे. महाराष्ट्रातही मार्च 2024मध्ये या कार्यक्रमाची परीक्षा झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50 गुण. नातवाचे बोट धरून परीक्षेला आलेल्या आजीबाईंची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. या कार्यक्रमाचा कणा स्वयंसेवक हा आहे आणि त्याची प्रेरणा कर्तव्यबोध ही मानली आहे. ही भूमिका उदात्त आहे. परंतु कर्तव्याची जाणीव एका बाजूनेच असून चालत नाही. कार्यकर्त्याने समाजाप्रती कर्तव्य करावे आणि समाजाने कार्यकर्त्याप्रती कर्तव्य विसरावे, हा न्याय नव्हे.

प्रौढांना शिकविणे ही वेगळी विद्या

ज्याला लिहिता-वाचता येते, त्याला शिकविताही येते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. मुलांना शिकविण्यासाठी पदविका लागते, पदवी लागते, पात्रता परीक्षा लागते. प्रौढांना शिकविण्यासाठी मात्र दोन दिवसांचे शिबिर किंवा भ्रमणध्वनीवरील काही चित्रफिती पुरेशा समजल्या जातात. वस्तुतः प्रौढांना शिकविणे अधिक नाजूक आहे.

मूल चुकले तर हसते आणि पुन्हा लिहिते. पन्नाशीतील सासू चुकली आणि वर्गात कोणी हसले, तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. शेतीवर पाहुणे आले, कंबर दुखते, अशी कारणे ती सांगेल, खरे कारण सांगणार नाही. ते कारण ओळखणे हे कार्यकर्त्याचे पहिले कौशल्य.

प्रौढ माणूस कोरी पाटी नसतो. आपल्या जुन्या पिढीला पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ असे. बाजारात भाजी विकणारी स्त्री किलोच्या भावावरून पावणेदोन किलोचे पैसे मनातल्या मनात करते. तिला गणित येते, गणिताची चिन्हे येत नाहीत. तिला ‘एक अधिक एक’पासून शिकवू लागले, तर तो तिचा अवमान होतो. म्हणून आरंभ तिच्या हिशेबापासून करावा. कांद्याच्या पट्टीवरील वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती आलेली रक्कम हा आळेफाट्याच्या परिसरातील प्रौढ वर्गाचा पहिला धडा होऊ शकतो. बचतगटाचे पासबुक हा दुसरा, सातबारा उतारा हा तिसरा, एस.टी.ची पाटी हा चौथा. जुन्नरच्या वनक्षेत्रात बिबट्यापासून सावध राहण्याच्या सूचनांचे फलक लागतात. ते वाचता येणे हा तर येथे जिवाचा प्रश्न आहे.

दृष्टीचाही एक साधा मुद्दा आहे. चाळिशीनंतर जवळचे अक्षर अंधूक दिसू लागते. ‘हिच्या डोक्यात काही शिरत नाही’ असे जिच्याविषयी म्हटले जाते, तिला कित्येकदा केवळ चष्मा हवा असतो. वर्गाच्या पहिल्या आठवड्यात डोळे तपासून घ्यावेत, हे प्रशिक्षित कार्यकर्त्याला ठाऊक असते. अप्रशिक्षित कार्यकर्ता तिची अनुपस्थिती मांडतो आणि पुढे जातो.

ऋतुमानाचेही तसेच. उन्हाळ कांद्याच्या काढणीच्या दिवसांत स्त्रिया अंधार पडेपर्यंत शेतात असतात. त्या काळात वर्गाचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. वेळापत्रक शिवाराकडे पाहून ठरवावे लागते. आणि आता भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीची भर पडली आहे. खात्यातील पैसे मागणारा संदेश आणि खात्यात पैसे आल्याचा संदेश यांतला भेद कळणे, कोणी विचारला तरी ओटीपी न सांगणे, हे आजच्या साक्षरतेचे अविभाज्य अंग आहे. हे सर्व शिकविणाऱ्याला आधी शिकावे लागते, आणि एकदा शिकून भागत नाही.

प्रशिक्षणाने भक्ती कमी होते, असे समजणाऱ्यांनी आळंदीकडे पाहावे. जोग महाराजांनी 1917 साली तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. ज्याच्या अंतःकरणात विठ्ठल आहे, त्यालाही कीर्तनासाठी चार वर्षे पाठांतर, विवेचन आणि गायन यांचा अभ्यास करावा लागतो. या अभ्यासाने भक्ती उणावली असे कोणीही म्हणत नाही. मग अक्षरसेवेलाच हा नियम का नसावा?

सेवाभाव आणि मानधन

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारी माणसे प्रामाणिक असतात. मानधन आले, प्रमाणपत्र आले की सेवाभाव जातो, व्यवहार येतो, असे त्यांचे म्हणणे. या आक्षेपात तथ्यांश आहे. केवळ पैशासाठी वर्ग भरविणारा माणूस हजेरीपट भरतो, वर्ग भरवीत नाही. योजनांच्या इतिहासात कागदावरच भरलेले वर्ग कमी नाहीत. परंतु त्यावर उपाय कार्यकर्त्याला रिकाम्या हाताने ठेवणे हा नाही. कीर्तनकाराला गाव बिदागी देते, प्रवासाची व्यवस्था करते, पंगतीत मानाने बसविते. त्यामुळे कीर्तन बाजारू होत नाही. बाजारूपणा बिदागीत नसतो, वृत्तीत असतो.

त्यागाविषयी एक विवेक पाळला पाहिजे. स्वतः त्याग करणे हे व्रत आहे, दुसऱ्याच्या त्यागावर योजना आखणे हे व्रत नव्हे. ज्याचे घर निवृत्तिवेतनावर चालते, त्याने विनामूल्य शिकवावे, ते त्याला शोभते. ज्या तरुणीचा दिवस मजुरीवर चालतो, तिने आठवड्यातील पाच संध्याकाळी द्याव्यात, खडू-पाटीचा खर्चही सोसावा, अशी अपेक्षा कोणी करावी? अशा कामाला तिच्या घरची माणसे ‘फुकटचे काम’ म्हणतात. एकदा हा शब्द घरात आला की कितीही उत्साही मन खचते. मान्यतेचा प्रश्न म्हणूनच केवळ पैशाचा नाही. घरात, गावात आणि कार्यालयात त्या कामाला काम म्हटले जाते की नाही, हा तो प्रश्न आहे.

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तेथे जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, दप्तर पाठीला लावून शाळेत जाणाऱ्या आजीबाईंची छायाचित्रे जगभर गेली. या शाळेत शिकविणारी गावातलीच एक सून होती आणि तिची सासू तिची विद्यार्थिनी होती. सासूने सुनेला ‘बाई’ म्हणून हाक मारावी, हा बदल कोणत्याही शासननिर्णयाने होत नाही. तो गावाने शिक्षिकेला दिलेल्या मानाने होतो. मान्यतेचे पहिले पीठ गाव हेच आहे, हा फांगण्याचा धडा आहे.

मान्यता कशी द्यावी

जगातही आता या दिशेने विचार होत आहे. ऑस्ट्रियात 2007पासून प्रौढ शिक्षणात काम करणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र व्यवस्था आहे. वर्षानुवर्षे अनुभवातून जे कौशल्य आले, ते तेथे तपासले जाते, उणीव असेल तेवढेच शिकायला सांगितले जाते आणि मग प्रमाणपत्र दिले जाते. 2022 साली मोरोक्कोतील माराकेश येथे युनेस्कोची सातवी आंतरराष्ट्रीय प्रौढ शिक्षण परिषद झाली. तेथेही शिकविणाऱ्यांच्या गुणवत्तेवर भर देण्यात आला. आपल्या 2020च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही प्रौढ शिक्षणातील शिक्षकांना राष्ट्रीय, राज्य व जिल्हा पातळीवरील केंद्रांतून प्रशिक्षण द्यावे आणि स्वयंसेवकांच्या राष्ट्रसेवेची दखल घ्यावी, असे म्हटले आहे. म्हणजे तत्त्व मान्य आहे, प्रश्न ते गावापर्यंत आणण्याचा आहे.

त्यासाठी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. पहिली, प्रत्येक कार्यकर्त्याची कार्यवही. किती वर्ग घेतले, किती तास शिकविले, किती जण परीक्षेला बसले, कोणते प्रशिक्षण झाले, याची नोंद आणि त्यावर मुख्याध्यापक व सरपंच यांची स्वाक्षरी. योजना संपली तरी ही वही कार्यकर्त्याच्या हाती राहील. दुसरी, पूर्वानुभवाला प्रमाणपत्र. गवंडी, सुतार यांच्या हातातील कौशल्य तपासून प्रमाणित करण्याची पद्धत कौशल्यविकासाच्या क्षेत्रात रूढ आहे, ती अक्षरसेवकालाही लागू करावी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989पासून घरी बसून शिकणाऱ्यांसाठी काम करीत आहे. प्रौढांना शिकविणाऱ्यांसाठी मराठीतून छोटा अभ्यासक्रम आखणे अशा विद्यापीठाला अशक्य नाही. तिसरी, कार्यकर्त्यांची मासिक बैठक. दहा-बारा गावांतील कार्यकर्त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे, अडचणी मांडाव्यात, एकाने दुसऱ्याचा वर्ग पाहावा. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी प्रशिक्षण हेच असते. चौथी, खर्चाची भरपाई. मोठे मानधन देणे ग्रामपंचायतीला जमणार नाही, परंतु खडू, वह्या, दिवा आणि प्रवास यांचा भार कार्यकर्त्यावर पडू नये, एवढे पतसंस्था, देवस्थाने आणि दूधसंस्था मनात आणतील तर सहज होईल. पाचवी, पुढची पायरी. चार वर्षे उत्तम वर्ग चालविणाऱ्याला प्रशिक्षक म्हणून बोलवावे. ज्या कामात पुढे जाण्याची वाट नसते, त्या कामात चांगली माणसे टिकत नाहीत.

यातील एक गोष्ट तर कोणत्याही आदेशाची वाट न पाहता करता येईल. 8 सप्टेंबर हा साक्षरता दिन. त्या दिवशी किंवा त्या आधीच्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत गावातील प्रौढ वर्ग चालविणाऱ्यांची नावे इतिवृत्तात नोंदवावीत. ज्या आजीबाईंनी सही करायला शिकले, त्यांनीच कार्यकर्त्याच्या कार्यवहीवर पहिली सही करावी. त्या वाकड्यातिकड्या सहीहून मोठे प्रमाणपत्र कोणते विद्यापीठ देऊ शकेल?

2027 साली ‘उल्लास’चा कालावधी संपेल. त्यानंतर काय, याचे उत्तर दिल्लीत आणि मुंबईत शोधले जाईलच. परंतु योजना संपली म्हणून शिकलेली अक्षरे पुसली जाऊ नयेत, असे ज्यांना वाटते त्यांनी आपापल्या गावात आजच एक काम हाती घ्यावे. गावात प्रौढांना कोण शिकविते, हे आधी शोधावे, त्याच्या वर्गात एकदा जाऊन मागे बसावे आणि निघताना ‘काय हवे?’ असे विचारावे. अक्षरसेवकाच्या प्रतिष्ठेची सुरुवात या एका प्रश्नाने होईल.